पुरलेली केबल

२ एप्रिल
आज पुन्हा तेच. कर्जतच्या लॅबमध्ये प्रकाशकणांच्या जोड्या तयार करायच्या, एक कण इथं ठेवायचा, त्याचा जोडीदार केबलमधून खोपोलीला शिळफाट्याच्या खोलीत पाठवायचा. दोघं एकमेकांत गुंतलेले राहिले पाहिजेत. सकाळी राहतात. दुपारी वारा सुटला की सगळा कचरा. सर म्हणतात, नॉइज आहे, बाहेरचा गोंगाट, गाळा. गाळतेय. आमची पद्धतच ती : एक जोडी सुधारायला दुसरीचा बळी. दुपारी नुसतेच बळी.
पण जमिनीखालच्या केबलला वारा कसा लागतो?

५ एप्रिल
घरी, खालापूर. आई : "लोकं गुंता सोडवाय मरतात, आन् तू टिकवाय पगार घेतेस?" हसलो सगळे. म्हटलं, केबलच्या वाटेनं चालत जाऊन बघणार आहे. माझा धाकटा भाऊ महेश हसायचा थांबला. त्या केबलच्या खोदाईचं काम त्यानंच घेतलं होतं. "उन्हाची कशाला जातेस ताई? तिकडं काय नाय."
पान अर्धं टाकून उठला.

८ एप्रिल
गेले. पळसदरीच्या पुढं केबल जमिनीतून वर येते आणि ऐनाच्या झाडांवरून, विजेच्या खांबांवरून लोंबत जाते. मधे कुणीतरी तिच्यावर लुगडं वाळत टाकलेलं. वाऱ्यानं लुगडं फुगत होतं, केबल हेलकावत होती. आणि मी महिनोन् महिने त्या हेलकाव्यांचं गणित मांडत बसलेय.
फोटो काढले. महेशचं 'तिकडं काय नाय' आठवलं.


९ एप्रिल
महेशचा फोन. "खडक लागला ताई. वरच्या मान्साला म्हाईत हाय. समदेच आसं करतात गं." घाबरला असता तर बरं वाटलं असतं. माझीच समजूत घालत होता.

११ एप्रिल
सरांना फोटो दाखवले. वाटलं, भडकतील. चेहरा खुलला! "म्हणजे लोंबत्या केबलवरही सकाळी आपली पद्धत टिकते!"
मग तसं लिहू या?
"छे. प्रकल्पाच्या कागदांत पुरलेली केबल आहे, पेपरमध्येही पुरलेलीच. उगाच कशाला उकरायचं?" स्वतःच्याच विनोदावर हसले. आलेख फक्त सकाळचे द्यायचे.
दुपारचे?
"दुपारचं कोण विचारतंय?"
शी.

१४ एप्रिल
पेपरचा मसुदा. 'जमिनीत पुरलेल्या केबलवर नॉइज लक्षणीय घटवला.' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. त्याआधी लेखकांत माझं नाव पहिलं आहे ना, ते बघून घेतलं होतं. माझीही किळस आली.
जेवले नाही.

१७ एप्रिल
सकाळी वाक्य बदललं : केबलचा काही भाग झाडांवर व खांबांवर टांगलेला आहे. दुपारचे आलेख घातले, फोटोही. सगळ्या सहलेखकांना पाठवलं. सर दिवसभर माझ्या टेबलाजवळून जाता-येताना भिंतीकडे बघत होते.
संध्याकाळी गेटवर महेश, बाइकवर. दुपारी मीच त्याला फोनवर सांगितलं होतं.
"माजं नाव घातलंस?"
"नाही. पण शोधतील."
"हां, शोधतील." बराच वेळ हँडलवरची धूळ पुसत राहिला. "पावसाच्या आधी खणून दिली तर?"
"दे ना खणून. पण लिहिलंय ते राहणार."
"आईला तूच सांग मग."
त्यानं गाडी चालू केली नाही. मीही आत गेले नाही.