चंचलेचं चौथं जग

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
गुरुवार, ६ मार्च २०२५

तीर्थरूप अक्का,
धाकट्या गोदाचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सगळे ठीक. यांची शुगर आटोक्यात आहे. तन्मय आणि सूनबाई रंजनी सिरुसेरीला ऑफिसात जातात ते दिवेलागणीला परततात. ऊन आत्ताच भाजायला लागलंय, यंदा कुरडया लवकर घालीन म्हणते.

येत्या बुधवारी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन, पूर्ण भूल देऊन, असं श्रीहरीनं फोनवर सांगितलं. तेव्हापासून घास उतरत नाही. फोन चारदा हातात घेतला, पण तुमच्याकडे तो स्पीकरवर असतो. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय. वाचणार तुझी सून, हे माहीत आहे. प्राची, बाळ, इथून पुढचं खोलीचं दार लावून वाच. आणि वाचताना काही गाळू नकोस.

अक्का, मी गोष्ट लिहिते. हसू नकोस. रंजनीनं फोनवर एक ॲप घालून दिलं, त्यात दर शुक्रवारी एक भाग टाकते. आधी हिशेबाच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायचं, मग एका बोटानं टाइप करायचं. चार हजार माणसं वाचतात. नायिकेचं नाव चंचला. एका जगात मेली की दुसऱ्या जगात डोळे उघडते, आणि प्रत्येक जगात एकाच बाईला शोधून तिचा सूड घेते. भांडत नाही, विष घालत नाही. गोड बोलून तिच्याच हातून तिचं वाटोळं करवते. वाचक म्हणतात, काय डोकं आहे हिचं!

त्या बाईच्या हनुवटीवर तीळ आहे, तुझ्यासारखाच.

पहिल्या जगात ती बंदरावरची मोठी व्यापारीण, जिन्यावरून पडते. तो भाग दिवाळीनंतर आला, आणि त्याच आठवड्यात तू न्हाणीघरात घसरलीस. मी म्हटलं, योगायोग. दुसऱ्या जगात काही झालं नाही, मी निर्धास्त झाले. तिसऱ्यात ती राणी. चंचला तिच्या काजळात काहीतरी मिसळते. शुक्रवारी भाग गेला, शनिवारी श्रीहरीचा फोन, आईच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला म्हणून.

चौथं जगही लिहून तयार होतं. त्यात वैद्य तिला गुंगीचं औषध देतो आणि ती उठत नाही. हे मी तुझ्या ऑपरेशनचं कळायच्या आधी लिहिलं होतं, देवाशपथ.

रंजनीला म्हटलं, मला भीती वाटते. तिला वाटलं, मी पुढचा भाग लांबणीवर पडल्याबद्दल बोलतेय. नीट सांगितलं तेव्हा म्हणाली, "आई, गोष्टीनं माणसं आजारी पडली असती तर माझा मॅनेजर एव्हाना आयसीयूत असता." पण तिला सगळं ठाऊक नाही.

पहिला भाग लिहायला बसले त्या दिवशी, पोथीला बसताना करते तसंच केलं. समई लावली, तळहातावर पाणी अक्षता घेतल्या, नाव गोत्र उच्चारलं. पुढे कशासाठी, ते म्हणावं लागतं. तोंडातून आलं, "जिनं माझं शिक्षण मोडलं तिला तिचं फळ मिळो." आणि पाणी सोडलं.

मी मॅट्रिकला एकाहत्तर टक्क्यांनी पास झाले. कॉलेजचा फॉर्म आप्पांनी आणला होता. तू त्यांना सांगितलंस, गोदा लायब्ररीत पुस्तकांसाठी जात नाही, तिथं एक मुलगा येतो. असा कुणी मुलगा नव्हता, हे तुला माहीत होतं. फॉर्म तसाच राहिला आणि मार्गशीर्षात माझं लग्न झालं. चव्वेचाळीस वर्षं मी हे कधी काढलं नाही. तुझ्या घरी आले, जेवले, तुझ्या साड्या नेसले.

काल देवळात गुरुमूर्ती गुरुजींना विचारलं, नाव न सांगता. पोथी अर्धी टाकू नये तसंच हे, म्हणाले. संकल्प मागे घ्यायचा तर ज्याच्यावर सोडला त्याला सांगून घ्यावा. "आणि अम्मा, खोटं बोलून घेऊ नका. ते लागत नाही."

म्हणून राग गेला असं लिहीत नाही. गेलेला नाही. चौथं जग मी पुसून टाकलं, वहीतली पानंही बंबात घातली. पण लिहिताना मला बरं वाटलं होतं, आणि त्याचीच आता सगळ्यात भीती वाटते.

चंचला तीन जगं फिरली, पण तिनं त्या बाईला एकदाही विचारलं नाही, का केलंस? मीच विचारू दिलं नाही. अक्का, तुला काही झालं तर मला सांगणारं कुणी उरत नाही. तू भुलीतून उठ. मग मी मिरजेला येईन, तुझ्यासमोर बसेन आणि विचारेन. तुला वाटेल ते सांग, पण तुझ्या तोंडून सांग.

प्राची, अक्काच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी घाल आणि तिला तुळशीत सोडायला सांग. गोदानं संकल्प मागे घेतला, एवढंच म्हण. पाणी सोडलं की बुधवारच्या आत मला एका शब्दानं कळव.

अक्का, सोड गं पाणी. रागावलीस तरी सोड.

तुझं वाईट चिंतलेली आणि तुझ्याच जिवाला जपणारी,
धाकटी गोदा