पश्चात एक शाकाहारी साडू

२ जून, रविवार
बायकोच्या बहिणीकडे जेवण. साडूंनी (वय ६१) मटण तिसऱ्यांदा वाढून घेतलं, माझ्या पोटावर टिचकी मारली आणि पंधरा माणसांदेखत जाहीर केलं, 'माझ्याआधी हेच जाणार, पेपरात जागा धरून ठेवा.' सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त. आमच्या पेपरात निधनवार्तांचं पान बावीस वर्षं मीच बघतो. जागा कुणासाठी धरायची ते मी ठरवतो.
संकल्प: उद्यापासून शाकाहार. साडूंच्या आधी मरायचं नाही. जमल्यास त्यांच्यानंतर वीस वर्षं जगायचं, तेही मजेत.

३ जून
मटण बंद. मासे बंद. अंडं विचाराधीन.
संध्याकाळी ६. अंडंही बंद. भूक फार लागते. चीज सँडविच तीन.

५ जून
पुरावा हवा. बातमी द्यायला येणाऱ्या नातेवाइकांना विचारायला सुरुवात केली की गेलेले काय खायचे. एक सूनबाई म्हणाल्या, फॉर्मात असा रकाना दिसत नाही. नवीन आहे म्हटलं. त्यांचे सासरे चोपन्न वर्षांचे, कट्टर शाकाहारी. पण स्कूटरवरून पडले. असे धरायचे नाहीत.

९ जून
आज चौऱ्याण्णव वर्षांचे एक. खूश झालो. मुलगी म्हणाली, शेवटच्या दिवसापर्यंत रोज मासा लागायचा. मासा शेवाळं खाऊन वाढतो. शाकाहारात धरले.

१२ जून, दुपारी ३
काम नव्हतं. साडूंची बातमी लिहून ठेवली, हात साफ राहावा म्हणून. 'अल्पशा आजाराने' घातलं. 'वृद्धापकाळाने' माझ्यासाठी राखीव. 'मनमिळाऊ' हा शब्द बावीस वर्षांत मी कुणालाही नाकारला नाही, अगदी आमच्या जुन्या घरमालकालाही. साडूंना नाकारला. शेवट असा: 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे आणि एक शाकाहारी साडू असा परिवार आहे.' लग्नातला फोटो कापून जोडला. वाचून इतकं बरं वाटलं की रक्तदाब उतरला असणार. फाइलचं नाव 'साडू तयार'.

१७ जून
वजन साडेतीन किलो वाढलं. काटा बिघडलाय. बायको म्हणते, वेफर्सची पाकिटं फस्त करणं म्हणजे शाकाहार नव्हे. तिला विचारलं, वेफर्समध्ये मांस कुठे असतं.
मेहुणीकडून कळलं, साडू रोज सकाळी सहा किलोमीटर चालतात. चालोत. गुडघे झिजतील.

२१ जून
वेफर्स बंद. आजपासून फक्त मोड आलेली कच्ची कडधान्यं, तीन वेळा, वाडगाभर. साडूंचे दिवस भरले.

२२ जून
रजा. कारण लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरांनी विचारलं, हे कुणाच्या सल्ल्याने. वैयक्तिक कारण आहे म्हटलं. ते म्हणाले, मांस खा नाहीतर भाजी खा, पण मोजकं खा, चाला आणि डोकं शांत ठेवा. स्वतः केवढे जाड आहेत.

२३ जून, सकाळी ७.१०
पान सहा. साडू. फोटोसकट.
सकाळी ८. कळलं ते असं. मी रजेवर. पानात आठ सेंटिमीटरचा खड्डा. पान लावणाऱ्याने माझं फोल्डर उघडलं. आमच्याकडे 'तयार' म्हणजे तपासून झालं, छापायला हरकत नाही. हा नियम मीच घातलेला. दोन ओळी कमी पडल्या, तर त्याने आपल्या मनाने 'मनमिळाऊ स्वभावामुळे ते सर्वांना प्रिय होते' घातलं.
सकाळी ११. साडूंच्या दारात दीडशे माणसं. साडू स्वतः दार उघडून एकेकाला आत घेतायत.

२४ जून
साडू घरी आले. मी मोरीत गेलो होतो, बायकोने बाहेर काढलं. भांडले नाहीत. कात्रण प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवलंय. म्हणाले, माणूस गेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, कालपासून जो तो हेच सांगतोय. निदान दहा वर्षं तुमच्या कृपेने मिळाली. मग गळ्यात पडले. त्यांचे डोळे ओले होते. मला भयंकर राग आला.
जाताना सूपचा डबा ठेवून गेले. कोंबडीचं. अशक्तपणा आहे म्हणून घेतलं. डबा पुसून घेतला.

१ जुलै
संपादकांनी निधनवार्ता काढून घेतल्या. वाढदिवसांचा कॉलम दिला. पहिला मजकूर बायकोनेच पाठवला. साडूंची बासष्ट वर्षं पूर्ण होतायत. तोच फोटो. 'मनमिळाऊ' दोनदा. 'शतायुषी व्हा.' खाली शुभेच्छुक: एक शाकाहारी साडू.
प्रूफ तीन वेळा वाचलं. चूक सापडली नाही. 'तयार' लिहिलं आणि छपाईला दिलं.