थांबा मधोमध

३ जानेवारी
अभ्यासदौऱ्याहून परत. काय ते शहर! रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी लेन, थांबेही मधोमध. दार उघडलं की माणूस थेट फलाटावर. संकल्प: वर्षाच्या आत आपलं शहर तसंच करायचं. शिवाय यापुढे स्वतः बसनेच ऑफिसला. उद्यापासून. आज बॅगा होत्या.

१९ जानेवारी
नकाशे तयार. तिथलेच घेतले, रस्त्यांची नावं तेवढी बदलली. डेपो मॅनेजर म्हणाला, साहेब, तिथल्या बसना दोन्ही बाजूंना दारं, आपल्या बसना फक्त फुटपाथकडे. मधल्या थांब्यावर माणूस उतरणार कुठे? दूरदृष्टी म्हणून नाही माणसाला. दारं काय, मागाहून कापता येतात.
आज ऑफिसच्या गाडीनेच गेलो. घाई होती.

११ मार्च
आमच्या दारातला थांबा उखडला. अप्पा म्हणाले, तेवढा एक राहू दे ना रे, गुडघा साथ देत नाही. व्यायामासाठी दवाखान्यात जातात, त्याच बसने. म्हटलं, बापासाठी नियम वाकवला तर लोक तोंडात शेण घालतील. अप्पा गप्प. पटलं असावं.
बायको म्हणाली, मग तुमच्या गाडीतून सोडा. सरकारी गाडी घरच्या कामाला? मी त्यातला नाही. मेहुण्याला स्टेशनवर सोडलं ते वेगळं, त्याच्याजवळ सामान होतं.

२ मे
उद्घाटन! महापौरांनी पाठ थोपटली. पहिली बस आली आणि फलाटाकडे पाठ करून दार उघडलं. लोक भर रहदारीत उतरले. हॉर्न, शिव्या. होईल सवय. फोटो झकास आलेत.

६ मे
बसमधून उतरताना अप्पांना स्कूटरने उडवलं. खुबा मोडला. अँब्युलन्स बसच्या लेनच्या कठड्यापलीकडे अडकून पडली. फार वाईट वाटलं. तरी एका माणसावरून अख्खी योजना नापास करू नये, असं बायकोला शांतपणे समजावलं. ती डबा उचलून हॉस्पिटलला निघून गेली. पटलं असावं.

२३ मे
लेन रद्द. कठडे निघाले. माझी बदली, जप्त वाहनांच्या गोदामावर. गाडीही गेली. आज पहिल्यांदा बसने हॉस्पिटलला निघालो. मधले थांबे बंद, जुने उखडलेले, त्यामुळे बस थांबलीच नाही. चालत गेलो.
नर्सने विचारलं, तुम्ही कोण? मुलगा, म्हटलं. ती बुचकळ्यात पडली. म्हणाली, आजोबा तर सांगतात, मुलगा एक शहर बघायला गेला, तो परत आलाच नाही.
मी अप्पांकडे पाहिलं. डोळे मिटलेले.
झोप लागली असावी.