अभिजित रोज थोडा डावीकडे

१२ सप्टेंबर
पोचले एकदाची! एल पासोचं घर मोडलं आणि माझ्या नवऱ्याची, लायलची दुर्बीण पिकअपमध्ये बांधून आणली. लायल गेल्यावर त्याचा जुना दोस्त वेंडेल टॅकेट यानंच बोलावलं होतं. दुर्बीण बसवायला त्यानं आपल्या कुरणात सिमेंटचा खांब ओतलाय, भोवती सरकत्या छपराची खोली बांधलीय. म्हणाला, "मास्तरीणबाई, पोरं पुष्कळ हाकलीत, आता तारे हाका." जेवायला हिरव्या मिरचीचं मटण केलं होतं. किती दिवसांनी पोटभर जेवले.

१४ सप्टेंबर
टेकडीआड ध्रुव दिसत नाही, म्हणून दुर्बिणीची बैठक ठळक ताऱ्यांवर जुळवली. स्वातीचा तारा मधोमध घ्यायचा, बैठकीला अभिजित ताऱ्याकडे वळायला सांगायचं, ती जेवढी चुकेल तेवढं बुडाच्या स्क्रूंनी सुधारायचं. चार खेपा केल्या. मग दुर्बीण ताऱ्यामागे फिरवत ठेवणारी मोटर चालू करून ठेवली. अभिजित तासभर जागचा हलला नाही. लायल असता तर पाठ थोपटली असती.

१५ सप्टेंबर
आज अभिजित डावीकडे. स्क्रू अर्धा फेरा. वेंडेल कॉफी घेऊन आला, किती फेरे, कुठल्या बाजूला, सगळं विचारून वहीत टिपून घेतलं. एवढी आस्था कोण दाखवतं!

१९ सप्टेंबर
रोज अर्धा फेरा, रोज त्याच बाजूला. पाणसळ लावून पाहिली, खांबच पूर्वेला कललाय. वेंडेल हसला. नवं सिमेंट बसतंय म्हणाला, आणि हात तुझाही थरथरतो गं, वय झालं. असेलही.

२३ सप्टेंबर
एक फेरा. वेंडेलच्या शेळ्या दिसत नाहीत. विकल्या म्हणे. पूर्वेच्या कुंपणापलीकडे गोल डबकं आहे, काठावर पांढरं मीठ. पावसाचं पाणी म्हणतो. इथे पाऊस कुठला?

२६ सप्टेंबर
दोन फेरे. ब्रेक दुरुस्तीला म्हणून वेंडेल माझी पिकअप परवाच घेऊन गेलाय.
पंपाच्या खोपटात त्याची जुनी वही सापडली. आत माझ्याआधीचा, ऑरिन नावाचा भाडेकरू. त्याचीही दुर्बीण, तेच फेरे. शेवटची ओळ — "चार फेरे. संध्याकाळी खोलीसकट गेला." शेजारी नकाशा. फुली डबक्यावर.
वेंडेलला फोन केला. त्यानं नाकारलं नाही. त्याच्या बापानं जमिनीखालचं मीठ पाण्यात विरघळवून विकलं, पोकळी आता सरकतेय. कुठे, ते ताऱ्यांइतकं नेमकं कुणी सांगत नाही. "माझं घर वेळेत हलवता आलं, रोझेल, तुझ्यामुळेच," म्हणाला. लायलच्या दफनाला बोलला होता त्याच मऊ आवाजात.
सकाळी पिकअप आणतो म्हणाला.

२७ सप्टेंबर
पिकअप नाही. वेंडेल फोन उचलत नाही. पोलिसांना लावायला गेले तर लाइनच तुटलेली. चालत निघाले तर रस्त्यावर भेग, पुरुषभर रुंद. चहूकडे तीच. परत फिरले.
किती वेळ उरलाय ते तरी कळावं, म्हणून तारे उगवताच खोलीत आले. साडेतीन फेरे —
दार चौकटीत आवळलंय. छपरही सरकत नाही, अर्धंच उघडं —
टेकडीवर माझ्याच पिकअपचे दिवे. हाका मारल्या. दिवे विझवले त्यानं. गेला नाही, नुसते विझवले —
मोटर चालू आहे. तरी अभिजित सरकतोय. डोळ्यांदेखत. भिंगाच्या काठाशी आला —
वेंडेल, तू लायलच्या हातात हात देऊन कबूल केलं होतंस की माझी