सतरा मैल, नऊ माळा

॥ श्रीराम समर्थ ॥

मुक्काम शहापूर, चैत्र वद्य ४, शके १८६०

ती. सौ. रंगूताईच्या चरणी धाकट्या गोदूचा नमस्कार.

तुझं कार्ड येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तराला आज बसले आहे. हा आळस नव्हे ताई, थकवा आहे, आणि थकव्याचं कारण नेहमीचंच, मोटार. पण आधी तुमची विचारपूस. तुझा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला शेकायला सांगितला होता, तो शेकतेस की नुसता वाळवून डब्यात भरून ठेवतेस? भावोजींचा खोकला गेला का? तारऑफिसात पंख्याखाली बसू नका म्हणावं. (पंखा सरकारचा असला तरी छाती आपली असते.) आम्ही रामकृपेने खुशाल आहोत, म्हणजे तापाखोकल्याने कुणी पडलेलं नाही. बाकी काय पडलं आहे ते लिहिते.

इकडचं मोटारीचं वेड तुला नवं नाही. तीन वर्षांमागे भातगिरणीला इंजिन आणायला म्हणून स्वारी कल्याणला गेली आणि एका पारशी बावाजीची जुनी मोटार घेऊन परत आली. इंजिन कुठे, म्हणून विचारलं, तर ‘पुढच्या बाजूला आहे’ असं उत्तर मिळालं. मी मनाची समजूत घातली, पुरुषमाणसाला एखादा नाद असायचाच, यात तोंडाला वास तरी येत नाही. (पेट्रोलचा येतो, पण तो कपड्यांना.) मोटार तशी गरीब. वेग दाखवायचा काटा आमच्या घरी आली तेव्हापासून शून्यावर मांडी घालून बसला आहे. वारा पाठीशी आणि उतार पुढे असला तर ताशी चाळीस मैल जात असेल, त्याच्यावर नाही. पण किन्हवली सोडून काळू नदीच्या उताराला लागलं की इकडचा चेहरा पाहावा! आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तो एवढा उजळला नव्हता. मी समोरच उभी होते, मला माहीत आहे.

मार्गशीर्षात इथे नवे फौजदार आले. त्याआधी सर्व्हिस लॉरीखाली कुणाची तरी गाभण शेळी गेली होती, त्यामुळे वरून हुकूमच झाला होता म्हणतात. गावात ताशी दहा मैल, गावाबाहेर वीस. रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासला, एका दगडाशी निशाणवाला आणि दुसऱ्याशी घड्याळवाला असे दोन पोलीस करवंदीच्या जाळीत बसू लागले. खरं सांगते, मी फौजदारांच्या नावाने शनिवारी मारुतीला तेल वाहिलं. मोटारीत बसले की मला पदर, डोळे आणि रामनाम तिन्ही एकदम घट्ट धरावी लागत. वाटलं, एकातून तरी सुटका होईल. इकडे मात्र पंधरा दिवसांत लायसनावर पहिला शेरा पडला, बाजारगल्लीत ताशी चौदा. महिन्याने दुसरा. त्या वेळी बैलगाडीच्या पुढे जायचं होतं. बैलगाडीच्या मागून चालते ती मोटार कसली, असं फौजदारांनाच विचारणं झालं. फौजदार सभ्य गृहस्थ. त्यांनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि मग शेरा दिला. जाताना एवढंच म्हणाले, ‘रावसाहेब, तिसऱ्याला लायसनच घेईन.’

तिथून पुढे आमच्या घरातला आनंद संपला. माझाही, म्हणजे पाहा. पूर्वी वेगात असताना इकडे एक शब्द बोलणं होत नसे. आता ताशी वीसने जाताना बोलायला वेळ मिळू लागला, आणि शहापुरापासून मुरबाडापर्यंत एकच विषय. वीस मैलांनी मोटार हाकणं म्हणजे सोवळं नेसून पोहणं. वीस मैलांनी मोटार हाकणं म्हणजे आंबा वाटीत कापून चमच्याने खाणं. मोटारीला आतून वाईट वाटतं, ते इंजिनाच्या आवाजात कळतं. (मला कळत नाही. मला तो पूर्वीही रडल्यासारखाच वाटायचा.) घरी असलं की दुपारी जेवून गोठ्यातल्या मोटारीत जाऊन नुसतं चक्र धरून बसायचं. मी ताक घेऊन गेले तर म्हणायचे, ‘ठेव तिथे, मी सरळगावला पोचलोय.’ सोळा वर्षं संसार केला ताई, पण उभ्या मोटारीत बसलेल्या माणसाला ताक कुठल्या बाजूने द्यावं हे कुणी शिकवलं नव्हतं.

फाल्गुनात फौजदारांनी चिठीची पद्धत काढली. शहापूरच्या नाक्यावर निघाल्याची वेळ लिहून चिठी द्यायची, मुरबाडच्या चौकीत ती दाखवायची. अंतर सतरा मैल. ताशी वीसने एक्कावन्न मिनिटं होतात, त्याआधी पोचलात की गुन्हा. काळ-काम-वेगाची गणितं मॅट्रिकला सोडवली ती पाटावरवंट्यापाशी विसरले होते. ती पुन्हा मांडावी लागली. इकडून आधी तोड निघाली ती अशी, की भरधाव जायचं आणि मुरबाडच्या अलीकडे आंब्याखाली वेळ होईपर्यंत थांबायचं. दोनदा केलं. पण घाईने जेवून उष्ट्या हाताने पंगत उठायची वाट पाहावी तसं ते झालं. तिसऱ्यांदा गेलो तर आंब्याखाली पोलीस बसला होता. त्याने उठून आम्हाला सावली दिली, आणि वहीत वेळ लिहून घेतली. नशीब, त्या दिवशी टायर फुटल्याने आम्ही उशिराच पोचलो होतो.

मग वीसच. पण वीस कळणार कसे? काटा शून्यावर, आणि इकडच्या खिशातल्या घड्याळाची कमान त्याच रस्त्याच्या दणक्यांनी तुटलेली. तेव्हा मी माळ पुढे केली. त्रयोदशाक्षरी मंत्राची माझी एक माळ बरोबर सहा मिनिटांत होते. घरच्या घड्याळासमोर बसून अकरा दिवस ताडून पाहिलं आहे. साडेआठ माळा म्हणजे एक्कावन्न मिनिटं. देवाचं काम अर्धवट टाकू नये आणि पोलिसाचंही, म्हणून मी नऊ धरते. किन्हवलीला तिसरी पुरी व्हायला हवी, नदीला पाचवी. पुरी झाली नसली तर मी मंत्र न तोडता नुसतं बोट वर करायचं आणि इकडून मोटार हळू व्हायची. (रामाने मला याची क्षमा करावी. त्याचं नाव मी भक्तीने घ्यायची, आता मोजणीला घेते.)

आता परवाच्या पौर्णिमेचं ऐक. मुरबाडला वन्संच्या नातवाचं बारसं होतं. नाक्यावरच्या नथू पोलिसाने चिठीवर नऊ वाजल्याचं लिहिलं, आणि मी पहिला मणी ओढला. सतरा मैल ताई, एक कोंबडीसुद्धा घाबरली नाही. एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. इकडून त्याच्याकडे पाहणं झालं नाही. नववी माळ पुरी झाली आणि मुरबाडच्या चौकीशी मोटार उभी राहिली. तिथे आदल्याच दिवशी नवीन हवालदार आलेले, धाऊ नावाचे, मुंबईहून बदलून. स्वतःचं भिंतीवरचं घड्याळ पोराला घ्यावं तसं कडेवर घेऊन आले होते म्हणे. त्यांनी चिठी पाहिली, घड्याळ पाहिलं, पुन्हा चिठी पाहिली. घड्याळात सवानऊ.

‘बाय, तुमी शिकलेल्या दिसता,’ हवालदार मला म्हणाले. ‘आमचं गणित तिसरीत ऱ्हायलं. सतरा मैल नि पंधरा मिनिटं, ताशी किती झालं?’

कुणी गणित घातलं की सोडवायचं, ही आपल्या मास्तरांनी लावलेली खोड. मी तोंडी चौपट केली आणि म्हणाले, ‘अडुसष्ट.’ म्हटल्यावर जीभ चावली. पण तोवर हवालदारांनी अडुसष्ट लिहिलं होतं, वर माझे आभार मानले होते.

पहिला संशय आला तो माझ्यावरच. मोटारीच्या हिसक्यांनी मणी सटकले की काय? नाम घाईने उरकलं की काय? मी हवालदारांना माळ दाखवली, म्हटलं, दादा, नऊ झाल्या आहेत, शपथेवर सांगते. ते माळेच्या पाया पडले आणि म्हणाले, ‘कोर्टात माळ नाय चालत, बाय. कोर्टात घड्याळ चालतं.’ आता हे काहीतरी बोलतील म्हणून मी वळून पाहिलं. तर तोच चेहरा, काळूच्या उतारावरचा! ‘अडुसष्ट?’ असं अगदी हळू म्हणणं झालं. मग छाती काढून, ‘हो. आज जरा सोडली होती,’ आणि पंचनाम्यावर सही. सहीखाली रेघसुद्धा ओढली.

तिथे सर्व्हिस लॉरीचा ड्रायव्हर लडकू उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली. ‘शेट, हात द्या हातात. अडुसष्ट! माझी लॉरी सिद्धगडावरून ढकलली तरी नाय जायची.’ बारशात पाळण्यातल्या मुलाकडे कुणी पाहिलं नाही, सगळे अंगणात मोटारीभोवती. वन्सं मला म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्हाला भोवळ नाही आली?’ मी म्हटलं, आता येते आहे.

परतताना मुरबाडच्या घड्याळाने चारची चिठी मिळाली. पुन्हा नऊ माळा, पुन्हा शहापूर. नाक्यावर नथू पोलीस चिठी पाहून चकितच. ‘शेट, साडेपाच वर तीन मिनिटं झाली. सतरा मैलांना दीड तासाच्या वर? मोटारीला बैल लावले व्हते काय?’ मी तिथल्या तिथे गणित केलं. जाताना ताशी अडुसष्ट, येताना ताशी अकरा, आणि माळा दोन्ही वेळा नऊच. आणि मग ताई, लख्ख उजेड पडला. नथूचं घड्याळ रोज ठेसनाशी लावलेलं, आगगाडीच्या टाइमाचं. हवालदारांचं घड्याळ मुंबई टाइमाचं, जे एकोणचाळीस मिनिटं मागे असतं. मागे तुझ्याकडे आले तेव्हा भावोजींनी हे पोहे खाता खाता समजावून दिलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं, या माहितीचा बाईमाणसाला काय उपयोग.

मी तोंड उघडलं, तर इकडून माझ्या हातावर हात. भर नाक्यावर, पोलिसासमोर! ‘घरी चल,’ एवढंच. घरी आल्यावर येतानाची चिठी चुलीत घालायला सांगितलं, आणि सोळा वर्षांत प्रथमच माझ्याकडे काही मागितलं. ‘गोदू, त्या मिनिटांचं कुणाला सांगू नकोस.’ मी म्हटलं, लायसन जाईल. म्हणाले, ‘जाऊ दे. वीसनं जगण्यापेक्षा अडुसष्टनं गेलेलं बरं.’

तेव्हापासून चार दिवस घरात जत्रा आहे. पायलीभर भात भरडायच्या निमित्ताने माणसं येतात आणि मोटारीच्या चाकाला हात लावून बघतात. धसईच्या बाजारात अडुसष्टचे ऐंशी झाले. कसाऱ्याला पोचेपर्यंत मोटारीला पंख फुटलेले असतील. इकडे गिरणीच्या ओट्यावर बसून वळणावर चक्र कसं धरलं ते सांगणं चालू असतं. त्या वळणावर माझी सहावी माळ चालली होती आणि आमच्या पुढे एक म्हैस होती. मी चहा ठेवते आणि गप्प बसते. खोटं मी बोललेली नाही, पण खरंही बोलत नाही, आणि संध्याकाळी रामासमोर दिवा लावताना त्याच्या डोळ्याला डोळा देत नाही.

खटल्याची तारीख वद्य द्वादशी आहे. गेलं लायसन तर जाऊ दे, असं मीही मनाशी ठरवलं आहे. मोटार विकून टाकू, गिरणीला खरंच इंजिन आणू, मी बैलगाडीने देवाला जाईन आणि माळ माळेसारखी ओढीन. मला आता विसावा हवा. तुझ्या गुडघ्याला आराम पडो. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
गोदू

ता. क. भावोजी तारऑफिसात रोज घड्याळ लावतात, तेव्हा त्यांच्याकडून एक दाखला उलट टपाली पाठव. आगगाडीचा टाइम मुंबई टाइमाच्या एकोणचाळीस मिनिटं पुढे असतो, एवढंच लिहावं, खाली सही आणि हुद्दा. हिशेबही मांडावा, म्हणजे न्यायाधीशांना त्रास नको : शहापूर नऊ, मुरबाड नऊ चौपन्न, अंतर सतरा मैल, म्हणून वेग ताशी अठरा पूर्णांक आठ नवमांश. येतानाची चिठी मी चुलीत घातलेली नाही, ती पोथीत आहे, आणि तिच्यावर नथूने पोचल्याची वेळही टिपली आहे. दाखला आणि चिठी एकत्र जोडीन. वर ‘जाऊ दे’ लिहिलं आहे खरं, पण काल दुपारी ताक घेऊन गोठ्यात गेले. स्वारी मोटारीचे दिवे पुसत होती, आणि पुसता पुसता डोळेही. चार दिवस ओट्यावर बोलणं निराळं आणि वर्षानुवर्षं हात रिकामे राहणं निराळं. ते मला बघवायचं नाही.

ता. क. २. पाकिटावर माझंच नाव घाल. यातलं इकडे काही ठाऊक नाही.

ता. क. ३. आता ठाऊक आहे. पाकिटाला खळ आणायला उठले तेवढ्यात इकडून पत्र वाचून झालं होतं, शेवटच्या ओळीपर्यंत. मी उभी राहिले. रागावणं झालं नाही. पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. मग विचारलं, ‘तो आठ नवमांश म्हणजे जवळजवळ एक ना?’ मी म्हटलं, एकाला एक नवमांश कमी. म्हणाले, ‘मग निदान एकोणीस तरी लिही.’

ताई, मी आजवर एका आकड्याची लबाडी केलेली नाही, हे तू जाणतेस. वर ताशी अठरा पूर्णांक आठ नवमांश असं आहे, तिथे एकोणीस वाचावं. भावोजींनाही तसंच सांग.