ट्रेसाची दाढ

४ मार्च
दाढ! सातवा महिना लागलेली पोर गाल धरून बसलीय, आणि दत्तक संस्थेच्या ओडेलबाई मला फोनवर कायदा शिकवतात! "लोरेटा, बाळंतपणाचा खर्च तुम्ही देऊ शकता. दातांचा नाही. जज म्हणतील, बाळ विकत घेताय."
म्हटलं, दाढ काय शेजारणीच्या तोंडात आहे?
ट्रेसाचं बाळ आम्ही दत्तक घेणार. डॉक्टर, सोनोग्राफी, औषधं — सगळं आम्हीच भरतोय, कोर्टाला विचारून. आणि अडलं कुठे, तर दाढेपाशी!

५ मार्च
तिच्याकडे जाऊन आले. गाल सुजून टम्म. उकडून कुस्करलेला बटाटासुद्धा गिळवत नाही. "मी काढीन कळ, बाई. तुमचं काम बिघडायला नको." बावीस वर्षांची आहे.

६ मार्च
नेली! टलसा शहरात, दातांच्या डॉक्टरकडे. दाढ काढली, पैसे मी भरले. व्हर्लिनला जेवताना सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. "नऊ वर्षं वाट पाहिली आपण. एका दाढेपायी घालवशील." घालवीन!

९ मार्च
चर्चमध्ये जेवण. नणंदबाई नदीन, तोंडात केक — "अगं, ती बाळ द्यायची नाही, बघ. आणि तू बस तिचे दात करत! उद्या केस रंगवून मागेल." म्हटलं, मागितले तर रंगवीन. अजून केक वाढू?

२१ मार्च
कोर्ट, खर्चाच्या मंजुरीसाठी. ओडेलबाईंनी बजावलं होतं, दाढेचं तुम्ही बोलू नका, मी सांभाळून घेते. मी बोलले. व्हर्लिनने डोळेच मिटले.
"हे बाळासाठी केलंत?" — जजसाहेब, चष्म्यावरून.
"नाही. तिला दुखत होतं."
"आणि तिने बाळ दिलं नाही तर?"
"तर काय दाढ परत बसवायला सांगू?"
मागे कुणीतरी फिसकन हसलं. जज हसले नाहीत. पुन्हा असं केलंत तर दत्तक विसरा, म्हणाले. या खेपेला सोडलं. पण माफी नाही मागितली!

१० मे
पाळणा लावला. भीती वाटते. फार भीती वाटते.

१८ मे
मुलगी!!

२० मे
ट्रेसाने सही केली नाही. ठेवतेय ती बाळ. तिचा हक्कच आहे — कायद्यानेही. असू दे! मी भांडी आपटली, देवाला नको नको ते बोलले. नदीनचा फोन दोनदा वाजला. घेतला नाही.

२५ मे
सकाळी ट्रेसाचा फोन. नुसती रडत होती. बाळंतपणाचे टाके चिघळलेत, अंगात ताप, न्यायला कुणी नाही. "तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?" म्हटलं, आवर, निघालेच. दवाखान्याचे पैसे मी भरणार. आता कुठल्या जजला विचारायला नको!
व्हर्लिन किल्ली शोधायला लागला. गाडीत बाळाची सीट बसवलेलीच होती.