लेथला तेल

मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२

उद्या नादारीचा अर्ज कोर्टात जाणार. बाकीची देणी त्यात जातील, पण लेथ बँकेकडे तारण आहे. वकील म्हणाले, "मशीन देऊन मोकळे व्हा, नाहीतर नव्याने सही करून हप्ते चालू ठेवा. पण मग पुन्हा थकलात तर नादारी कामाला येणार नाही." सोडलं तर पन्नाशीत अंबड एमआयडीसीत दुसऱ्याच्या शेडमध्ये पगारावर उभं राहायचं. ठेवलं तर मरेपर्यंत हप्ता. ही काय निवड झाली?

सकाळी बँकेचा माणूस मशीन बघायला येणार. वकिलांनी बजावलं होतं, "हात लावू नका. भंगार दिसलं तर बँकवाले कमी रकमेत तडजोड करतील, मशीन तुमच्याकडेच राहील." संध्याकाळी शेडवर नुसतं बघायला गेलो. खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. तेवढं सोडून सगळं पुसलं, लोखंडाचा बुरा झाडला, तेल दिलं. वीस वर्षं रोज शेड बंद करताना हेच करतोय. मूर्ख!

जेवायला बसलो तर लता माझ्या नखांकडे बघत राहिली.

"तेल दिलंत ना त्याला?"

मी नखं मुठीत लपवली.

"मग करून टाका सही," म्हणाली. "तुमच्याने नाही सुटायचं ते."